श्रीमंतीचा हिशेब



गेल्या हिवाळ्यात आमच्या थोरल्या बहिणीच्या नातवाने बेर-शेवाला नवीन घर घेतले. घर चांगले मोठे, पाच खोल्यांचे, वर गच्ची. घर झाले म्हणून एलियाहू हन्नबीचा मालिदा ठेवला होता. पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, फळे, सगळे ताट आपल्या पद्धतीने भरलेले. म्हातारी माणसे वीस-पंचवीस जमली होती. गाणी सुरू झाली, आणि घरचा मालक तीन वेळा फोन घेऊन गच्चीवर गेला. तिसऱ्या वेळी तो परत आला तेव्हा आशीर्वाद म्हणून झाले होते आणि मालिदा वाटायला सुरुवात झाली होती.

जेवण झाल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला. मुलगा गुणाचा आहे, हाय-टेकमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि आमच्याशी मोडके का होईना मराठी बोलतो. आम्ही त्याला सहज म्हटले, "बाळा, आजच्या दिवस तरी फोन बंद ठेवायचास." तर तो म्हणाला, "सबा, राग मानू नका. तुम्ही तीस वर्षं कारखान्यात गेलात. सवताने रात्री जागून शिवणकाम केलं. मिळालं काय? अडीच खोल्या! मी चाळीसचा होईपर्यंत एवढा पैसा करणार, की मग काम करायची गरजच नको. मग बसू निवांत, मालिदा करू, गाणी म्हणू."

आम्ही विचारले, "आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जमत नाही."

त्याची तीन वर्षांची मुलगी तेव्हा आजीच्या मांडीवर झोपली होती. त्याची बायको हळूच म्हणाली, "आठवडाभर तो तिला अशीच बघतो, झोपलेली."

त्या दिवशी आम्हा दोघांना काही उत्तर सुचले नाही. बसने घरी येताना दोघेही गप्प होतो. मुलाचे बोलणे लागले म्हणून नव्हे. त्यात थोडे खरे होते म्हणून. मग ठरवले, की उत्तर लिहूनच काढायचे. तेच हे.

"तू काय ससून लागून गेलास?"

आमच्या लहानपणी भायखळ्याला श्रीमंतीचे एकच माप होते, ससून. मुलाने नवीन बूट मागितले की आई म्हणायची, "तू काय ससून लागून गेलास?" आणि ससून तर जिकडे तिकडे होते. आम्हा दोघांतली एक पुण्याच्या ससून हॉस्पिटलात जन्मली. दुसऱ्याचे वडील जेकब ससून मिलमध्ये कारकून होते. मिलचे नाव बदलून इंडिया युनायटेड झाले तरी लोक जुनेच नाव घेत. मासळी यायची ती ससून डॉकवरून. भायखळ्याचे मागेन दाविद सिनेगॉग ससूनचे, फोर्टातले केनेसेथ एलियाहू ससूनचे, पुण्याचे लाल देऊळ ससूनचे. बगदादी मंडळी आपल्या बेने इस्राएलांना बरोबरीचे मानत नसत, हेही खरे, आणि ते आपल्या वडीलधाऱ्यांना डाचत असे. पण नाव निघाले की आवाज आपोआप खाली यायचा.

तेव्हा मोठी श्रीमंती आणि तिची किंमत बघायची तर आपल्याला अमेरिकेला जायला नको. ससूनांचेच घर बघू.

दाविद ससून बगदादचे. जन्म १७९२ चा. वडील तिथल्या पाशांचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे पुढारी. पण दाऊद पाशाच्या अमलात ज्यूंचा छळ सुरू झाला आणि दाविदना रातोरात पळावे लागले. बुशहर बंदरात काही काळ काढून १८३२ च्या सुमारास ते बायकामुलांसह मुंबईला आले. वय चाळिशीचे, हातात मोठे भांडवल नाही, इंग्रजी येत नाही. इंग्रजी ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. पेढीची पत्रे बगदादी अरबीत, पण हिब्रू अक्षरांत लिहिली जात. इथपर्यंतची गोष्ट कोणालाही आवडेल. आपणही सगळे सोडून आलेली माणसे आहोत; ऊर भरून येतो.

दाविदना आठ मुलगे. तेच त्यांचे भांडवल. नानकिंगच्या तहाने १८४२ साली चीनची बंदरे उघडली आणि दोनच वर्षांत, १८४४ मध्ये, दाविदनी दुसऱ्या मुलाला, एलियासला चीनला धाडले. वय चोवीस. समुद्राचा लांबचा प्रवास, परका मुलूख, भाषा अनोळखी, प्रार्थनेला दहा माणसे जमायची मारामार. पुढे एकेक मुलगा वयात येईल तसा हाँगकाँगला नाहीतर शांघायला जाऊ लागला. आज पगाराला भुलून आपली मुले लांब जातात, तेव्हा बापाच्या हुकमाने जात, एवढाच फरक.

आणि माल कोणता? कापूस, सूत, कापड हे होतेच. पण मोठा पैसा अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. हा धंदा ससूनांनी एकट्यांनी केला नाही. इंग्रज, पारशी, गुजराती, सगळेच त्यात होते. सरकारी कायद्यानेच चालत होता. पण पुढे त्याचा फार मोठा हिस्सा ससूनांच्या हातात आला. म्हणजे एकीकडे पुण्याला गोरगरिबांसाठी हॉस्पिटल आणि दुसरीकडे चीनमध्ये अफूपायी उठलेली घरे, असा तो पैसा. आम्हाला हे लिहिताना बरे वाटत नाही. ज्या हॉस्पिटलात आपण जन्मलो त्याच्या पायात काय घातले आहे, हे म्हातारपणी कळले. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा.

भाऊ वेगळे झाले

दाविद ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले. लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. बापाच्या पाठीमागे पेढीचे मुख्यपण थोरल्या अब्दुल्लाकडे आले. एलियासने तर उमेदीची वर्षे चीनमध्ये घालवली होती. तीन वर्षांत, १८६७ साली, तो वेगळा झाला आणि स्वतःची ई. डी. ससून कंपनी काढली. मग तोच माल, तीच बंदरे आणि समोरासमोर सख्खे भाऊ. ज्या धंद्यासाठी बापाने मुलांना लांब लांब ठेवले, त्याच धंद्यावरून ती मुले कायमची लांब झाली. एलियास १८८० मध्ये कोलंबोला वारला. त्याच्या नावाने मुलगा जेकब याने १८८४ साली फोर्टात केनेसेथ एलियाहू बांधले. आपण तिथे गेलो की छताकडे बघत राहायचो. हा एलियाहू कोण, कुठे मेला, कधी मनात आले नव्हते.

इकडे अब्दुल्लाचा आल्बर्ट झाला. १८७५ साली त्यानेच कुलाब्याला ससून डॉक बांधला. मग लंडनला स्थायिक झाला, १८९० मध्ये सरदारकी मिळाली. भावांपैकी रूबेन आणि आर्थर हे राजपुत्राच्या दोस्तमंडळीत. मेजवान्या, घोडे, शिकार. मुंबईची पेढी धाकट्या सुलेमानवर आली. १८९४ मध्ये सुलेमान वारला, तेव्हा त्याची विधवा फ्लोरा हिने पेढी हातात घेतली. त्या काळी एका बाईने! ही बाई धर्मग्रंथात मुरलेली, अनेक भाषा जाणणारी, आणि धंदाही तिने समर्थपणे चालवला. पण घरच्या पुरुषांना ते सोसले नाही. १९०१ साली पेढीचे लिमिटेड कंपनीत रूपांतर झाले आणि फ्लोराबाई मुंबई सोडून लंडनला गेल्या. सगळ्या घरात धंदा आणि धर्म दोन्ही सांभाळणारी तीच उरली होती, आणि तिलाच बाजूला केले.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. दाविदच्या एका नातवाने, आल्फ्रेडने, परधर्मातली मुलगी केली, तेव्हा त्याच्या आईने त्याच्याशी नाते तोडले. त्याचा मुलगा सिगफ्रीड ससून पहिल्या महायुद्धातला मोठा इंग्रज कवी झाला. वाढला ख्रिस्ती म्हणून. आल्बर्टचा नातू सर फिलिप इंग्लंडात मंत्रिपदापर्यंत पोचला. १९३९ मध्ये वारला तो अविवाहित. एलियासचा नातू सर व्हिक्टर याने मुंबईतला पैसा शांघायला हलवला. १९२९ साली तिथे कॅथे हॉटेल उभे केले, आज ते पीस हॉटेल. १९४९ ला कम्युनिस्ट आले आणि शांघायची सगळी मालमत्ता हातची गेली. तरी पैसा कमी नव्हता. इंग्लंडातली डर्बीची शर्यत त्याच्या घोड्यांनी चार वेळा जिंकली. पण लग्न केले ते १९५९ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याची देखभाल करणाऱ्या नर्सशी. दोन वर्षांनी बहामा बेटांवर वारला. मूलबाळ नाही. दोन्ही शाखांची वंशपरंपरेची पदवी वारसाअभावी संपली.

आता कोणी म्हणेल, मुले न होणे हा काय पैशाचा दोष? नाही. तो देवाचा विषय आहे, आम्ही त्यात पडत नाही. पण एक गोष्ट आम्हाला चटका लावून गेली. आल्बर्टने इंग्लंडात ब्रायटनला स्वतःसाठी घुमटाचा मोठा मकबरा बांधला होता. त्यात तो आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांना ठेवले. १९३३ साली नातवाने, म्हणजे सर फिलिपनेच, दोघांना तिथून हलवून लंडनच्या दफनभूमीत नेले आणि मकबरा विकून टाकला. पुढे तो एका दारू कंपनीने घेतला आणि पबला जोडून तिथे नाचगाण्याचा हॉल केला!

आणि इकडे बाप दाविद पुण्यात, आपल्या सिनेगॉगच्या सावलीत, होता तिथेच आहे.

शनिवार तेली

आता आपले पूर्वज बघू. कोकणात त्यांना लोक शनिवार तेली म्हणत. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद. बाकीच्या तेल्यांचा घाणा त्या दिवशी चालू. त्यांना हिब्रू विसरली होती, पुस्तके हरवली होती, पण हा एक दिवस सोडला नाही.

आम्ही दोघांनी कागदावर गणित मांडले. सातातला एक दिवस म्हणजे सात वर्षांत एक वर्ष. माणसाने पन्नास वर्षे काम केले तर त्यातली सात वर्षे घाण्याला बैल जुंपला नाही! गरीब माणसाला सात वर्षांची कमाई म्हणजे काय थोडी झाली? शेजारच्याने त्या पैशात आणखी एक घाणा घातला असता, वाडी घेतली असती. आपल्या लोकांना हे कळत नव्हते असे थोडेच आहे? तेलाचा हिशेब त्यांच्या बोटांवर असायचा. तरी त्यांनी तो दिवस विकला नाही, आणि त्यामुळेच आज आपण कोण आहोत हे आपल्याला सांगता येते.

त्यांना श्रीमंतीचा तिटकारा होता असेही नाही. पैसा वाईट म्हणणे हे पैसा असलेल्या माणसाला शोभते. केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत इझ्रायलाइट स्कूल काढली, ती आपल्या माणसांच्या तळमळीतून. पण पुढे शाळेला सर एली कदूरी यांचे नाव लागले ते त्यांच्या मोठ्या देणगीमुळे. आणि हे कदूरी सुरुवातीला पूर्वेकडे ई. डी. ससून कंपनीतच कारकून होते. तेव्हा श्रीमंत माणसाचा हात आपल्याही पाठीवरून फिरलेला आहे, ते नाकारून चालणार नाही.

आमचा स्वतःचा हिशेब

हे सगळे वाचून कोणाला वाटेल, की आजोबा-आजी मोठे संत. म्हणून आमचे पानही उघडे करतो.

१९६९ साली आम्ही लोदच्या विमानतळावर उतरलो. तिथून दिमोनाला. उन्हाने भाजलेले गाव, घरात दोन खाटा आणि एक स्टोव्ह. कापडाच्या कारखान्यात काम मिळाले. रात्रपाळीला जास्त पैसे म्हणून रात्रपाळी घेतली. सुटीच्या दिवसाचे जास्त म्हणून काही शब्बाथही गेले. घरात शिवणयंत्र रात्री बारापर्यंत चालायचे. मुलांना आम्ही एकत्र कधी जेवताना बघितलेच नाही. एक आला की दुसरी कामाला. मोठी मुलगी अजून म्हणते, "माझ्या लहानपणी आईबाबा म्हणजे दाराच्या मुठीचा आवाज."

१९७७ मध्ये मुंबईहून पत्र आले. आमच्यातल्या एकाचे वडील, तेच मिलमधले कारकून, आजारी होते. पत्रात काही मागणे नव्हते. फक्त लिहिले होते, जमल्यास येऊन जा. त्या वेळी तिकिटापुरते पैसे बँकेत होते. पण घर विकत घेण्यासाठी भरायची रक्कमही त्याच पैशांतून जायची होती. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून हिशेब केला आणि ठरवले, पुढच्या वर्षी जाऊ. व्हिसाची कटकट आहे, असे सगळ्यांना सांगितले. कटकट होतीच, पण खरे कारण ते नव्हते. पुढच्या वर्षी तार आली.

अडीच खोल्यांतली अर्धी खोली त्या तिकिटाची आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षे झाली, त्या खोलीत आम्ही कपडे वाळत घालतो. आजवर हे कोणाला बोललो नव्हतो.

तेव्हा आमच्या नातवाला आम्ही कुठल्या तोंडाने सांगणार, की पैशासाठी माणसे सोडू नकोस? आम्हीही सोडली. फरक एवढाच, की आम्हाला डोक्यावर छप्पर हवे होते आणि ते मिळाल्यावर आम्ही थांबलो. घराचा शेवटचा हप्ता भरला त्या महिन्यात रात्रपाळी सोडली. मुकादम म्हणाला, "वेडा झालास, एवढे शेकेल सोडतोस!" वेडेपणा खरा, पण धाकट्या मुलाला शाळेतून आणायला दुपारी बाप उभा असायचा. आज म्हातारपणी तोच मुलगा आठवड्यातून दोनदा येतो. मोठी मुलगी फोन करते. तीही चांगली आहे. पण फरक आम्हाला दिसतो, आणि तो कोणामुळे पडला तेही कळते.

मग काय करावे?

आमच्या अल्पबुद्धीला इतकेच सुचते. गरजेसाठी जे सोडावे लागते ते सोडावे लागते, त्याला इलाज नाही. गरिबीही घरातली माणसे पळवते, श्रीमंतीच पळवते असे नाही. पण गरजेला शेवट असतो. घराचा हप्ता एक दिवस संपतो. मोठ्या श्रीमंतीला शेवट नसतो. चाळिसाव्या वर्षी थांबू म्हणणारा चाळिशीला पोचतो तेव्हा पन्नाशीचा माणूस त्याच्या पुढे असतो. दाविद ससूनला आठ मुलांचे पोट भरण्याइतके मुंबईत पहिल्या दहा वर्षांतच मिळाले असेल. पण 'पुरे' कोणी म्हणायचे? ते बापाने म्हटले नाही, मुलांनाही मग म्हणता आले नाही.

म्हणून 'किती पुरे' हे आधी ठरवावे, पैसा हातात यायच्या आधी. आणि ते एकट्याने नव्हे, बायकोला समोर बसवून ठरवावे, कारण किंमत तीही देते. त्यातही एखादी गोष्ट अशी ठेवावी, की जी कितीही भाव आला तरी विकायची नाही. शनिवार तेल्यांनी एक दिवस ठेवला होता.

हा लेख टाईप करायला आम्ही त्याच नातवाला बोलावले. आम्ही वाचत गेलो, तो टाईप करत गेला. ससूनचे संपल्यावर थांबून म्हणाला, "सबा, पण दाविद ससून तर शब्बाथ पाळायचा ना? मग त्याच्या घराचं असं का झालं?"

प्रश्न बिनतोड आहे. आम्ही म्हटले, "शनिवारी पेढी बंद होती, हे खरं. पण शनिवारी पेढी बंद ठेवून उपयोग काय, मुलगा चीनमध्ये असेल तर? दिवस मोकळा ठेवायचा तो कोणासाठी?"

तो काही बोलला नाही. वडिलांच्या तिकिटाचा परिच्छेद आला तेव्हा त्याने टाईप करायचे थांबवले आणि विचारले, "हे घालायचं? नक्की?" आम्ही म्हटले, "घाल."

नोकरी त्याने सोडलेली नाही, आणि सोडावी असे आमचेही म्हणणे नाही. घराचे कर्ज डोक्यावर आहे. पण गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी तो मुलीला घेऊन आमच्याकडे आला. दाराशी तिने विचारले, "अब्बा, तुझा फोन?" तो म्हणाला, "गाडीत." किती दिवस टिकेल ते देव जाणे. त्या रात्री ती पोरगी साडेदहापर्यंत जागी होती आणि आम्ही कोणी तिला झोप म्हटले नाही.

वाचकांपैकी ज्यांनी असा हिशेब आपापल्या घरी मांडला असेल, त्यांनी आम्हाला जरूर लिहावे. नफा झाला असला तरी लिहावे, तोटा झाला असला तर अवश्य लिहावे. आपली मुले ते आज वाचणार नाहीत कदाचित. पण कधीतरी कोणाला तरी टाईप करायला बसवता येईल.